बारामोटेच्या विहिरीत उतरलेला वर्ग

गेल्या वर्षी पावसाळा सरल्यावर आमच्या आठवीच्या वर्गाने सातारा जिल्ह्यातल्या लिंबजवळच्या बारामोटेच्या विहिरीचे एक आभासी दर्शन तयार केले. पुठ्ठ्याच्या पेटीत मोबाईल बसवून ती डोळ्यांना लावली की पाहणारा विहिरीच्या जिन्यात उभा राहतो, मान वळवेल तिकडचे दगड त्याला दिसतात आणि एखाद्या खुणेवर क्षणभर नजर रोखली की आमच्या वर्गातल्या कुणाचा तरी आवाज त्या दगडाविषयी सांगू लागतो. सगळी मिळून सात दृश्ये आहेत आणि ती पाहायला जेमतेम दहा मिनिटे लागतात. ती दहा मिनिटे तयार व्हायला आम्हाला जवळजवळ तीन महिन्यांचे शनिवार लागले, आणि त्या शनिवारांनी शिक्षिका म्हणून मला जे दाखवले ते नीट लिहून ठेवावे असे बरेच दिवस मनात होते.

आमची शाळा सातारा शहरापासून फार लांब नाही. मी तिथे विज्ञान आणि भूगोल शिकवते. काही वर्षांपूर्वी एका देणगीतून शाळेला तीन व्हीआर (आभासी वास्तव दाखवणारे) हेडसेट मिळाले होते आणि त्यांच्यासोबत पुरवठादाराने तयार पाठांचा एक संच दिला होता. त्यात डायनासोर होते, सूर्यमाला होती, मानवी हृदय होते, इजिप्तचे पिरॅमिड होते. निवेदन सगळे इंग्रजीत. मुलांनी रांगेत उभे राहून प्रत्येकी तीन-तीन मिनिटे ते पाहिले, ‘लय भारी’ म्हणून ती वर्गात परतली, आणि पुढच्या आठवड्यात मी हृदयाच्या कप्प्यांविषयी विचारले तेव्हा एरवी जेवढे हात वर होतात तेवढेच झाले. पुढे वार्षिक शुल्क भरायचे राहिले, पाठ उघडेनासे झाले आणि हेडसेट प्रयोगशाळेच्या कपाटात गेले. ते पाठ वाईट होते असे मी म्हणणार नाही. हृदयाची चित्रे खरोखर सुंदर होती. पण मुलांनी करावे असे त्यात काही शिल्लकच ठेवलेले नव्हते. कुठे पाहायचे, काय ऐकायचे, कोणता प्रश्न महत्त्वाचा, हे सगळे दूरच्या कुणीतरी आधीच ठरवून टाकले होते.

मुलाने संगणकाकडून शिकून घेण्यापेक्षा संगणकाला शिकवावे, हा आग्रह संगणकशास्त्रज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञ सीमोर पॅपर्ट यांनी फार पूर्वी धरला होता आणि त्यासाठीच १९६७ मध्ये सहकाऱ्यांसोबत लोगो ही संगणकभाषा घडवली होती. दुसऱ्याला दाखवता येईल अशी वस्तू मूल स्वतः बनवते तेव्हा त्याच्या डोक्यातली समजही आकार घेत असते, असे त्यांचे म्हणणे. आपल्या भागाला हा विचार परका वाटायला नको. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था सुरू करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी हाताच्या कामाला शिक्षणाच्या आत जागा दिली ती याच जिल्ह्यात. मात्र खरे सांगायचे तर आमच्या प्रकल्पाची सुरुवात अशा कुठल्या विचारातून झाली नाही. ती झाली ‘मोट’, म्हणजे बैलांकरवी विहिरीतून पाणी ओढायची चामड्याची पिशवी, या एका शब्दावरून.

सिंचनाचा पाठ चालू होता. मोट म्हणजे काय असे विचारल्यावर वर्गातल्या एकाही मुलाला ती नेमकी सांगता येईना. सगळी शेतकऱ्यांची मुले, घरच्या विहिरीवर मोटारीचे बटण रोज दाबणारी, पण मोटेची त्यांची कल्पना ‘मोठी बादली’ एवढीच. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, “मॅडम, आमच्या मामाच्या गावाजवळ बारा मोटांची विहीर आहे.” मग वर्गात एकच चर्चा सुरू झाली की बारा मोटा एकाच वेळी चालल्या तर चोवीस बैल उभे कुठे राहत असतील. त्या चर्चेचे उत्तर फळ्यावर देणे मला शक्य नव्हते. ती जागाच पाहायला हवी होती आणि दर वर्षी प्रत्येक वर्गाला तिथे नेणेही आमच्या शाळेला परवडणारे नव्हते. आठवीने जावे आणि पुढच्या वर्गांसाठी ती जागा घेऊन यावी, असे त्यातून ठरले.

ज्यांनी ही विहीर पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. साताऱ्यापासून सोळाएक किलोमीटरवर, पुणे-बंगळूर महामार्गापासून थोडे आत, लिंब गावाजवळच्या शेरी या ठिकाणी ती आहे. साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. बांधकामाचा काळ शके १६४१ ते १६४६ असा आहे. त्यात ७८ मिळवून तो इ.स. १७१९ ते १७२४ होतो हे मुलांनी वहीत मांडून पाहिले. मुख्य विहीर अष्टकोनी आहे आणि तिला जोडून जिन्याचा लांबट भाग येतो, त्यामुळे वरून पाहिल्यावर एकूण आकार शिवलिंगासारखा दिसतो. खोली सुमारे ११० फूट आणि व्यास ५० फूट असल्याचे सांगतात. या दोन भागांच्या मध्ये, पाण्याच्या वर, चक्क एक छोटा महाल आहे. त्याच्या खांबांवर कोरीव काम आहे आणि गच्चीवर उभे राहिले की एका बाजूला अष्टकोनी विहीर, दुसऱ्या बाजूला उतरता जिना असे दिसते. आसपासच्या आमराईला या विहिरीचे पाणी जात असे.

पहिल्या शनिवारी आम्ही कॅमेऱ्याशिवाय गेलो. हा निर्णय माझा होता आणि मुलांना तो अजिबात आवडला नव्हता. प्रत्येकाने वहीत नकाशा काढायचा, कोणत्या जागी उभे राहिल्यावर काय दिसते ते लिहायचे आणि पाहणाऱ्याला सात जागांपेक्षा जास्त जागी उभे करायचे नाही, एवढीच अट होती. सात जागा निवडताना जो वाद झाला तो मी वर्गात कधी ऐकला नव्हता. काहींना खांबावरचे प्रत्येक शिल्प हवे होते, काहींना नुसते पाणी. शेवटी एका मुलीने विचारले की पाहणाऱ्याला आधी काय कळले म्हणजे त्याला पुढचे कळेल, आणि त्या एका प्रश्नाने यादी आपोआप लहान होत गेली.

आमच्याकडे थ्री-सिक्स्टी कॅमेरा नव्हता. साध्या मोबाईलने चहूबाजूंचे सुटे फोटो काढायचे आणि संगणकावर ते एकमेकांना जोडायचे, हा मार्ग उरतो. यातली अडचण अशी की माणूस फोन हातात धरून स्वतःभोवती फिरतो तेव्हा फोनचे भिंग एका जागी राहत नाही, हातभर लांबीच्या वर्तुळावर सरकत जाते. मग जवळचा खांब आणि मागची भिंत यांचे परस्परांतले स्थान प्रत्येक फोटोत बदलते आणि जोड जुळत नाहीत. विज्ञानात याला पराशय म्हणतात. एक डोळा मिटून अंगठा भिंतीवरच्या खिळ्यासमोर धरा आणि मग डोळा बदला, अंगठा खिळ्यावरून हललेला दिसेल. तसाच हा प्रकार. आमचे पहिले चित्र जोडून आले तेव्हा महालाचा एक खांब मध्येच तुटून चार बोटे बाजूला सरकलेला होता.

यावर उपाय वर्गातल्याच एका मुलाने आणला. त्याचे वडील गवंडी आहेत. पुढच्या शनिवारी तो पिशवीतून ओळंबा घेऊन आला, त्याची दोरी फोनच्या भिंगाजवळ रबरबँडने अडकवली आणि जमिनीवर एक ठिपका करून म्हणाला, “लोलक या ठिपक्यावरनं हलू द्यायचा न्हाई. आपण फिरायचं, फोन फिरवायचा, पण लोलक तिथंच.” इंटरनेटवर शोधाशोध करून मी जे महागडे फिरते स्टँड पाहून ठेवले होते त्यांचे सगळे काम त्या ओळंब्याने केले. फोन उभा धरून दर ३० अंशांना एक असे १२ फोटो समोरच्या पातळीवर, १२ थोडे वर रोखून, १२ खाली रोखून, एक थेट आकाशाचा आणि एक पायाखालचा, असे ३८ फोटो एका दृश्याला लागत. शेजारच्या दोन फोटोंत सामाईक भाग असल्याशिवाय संगणकाला जोड सापडत नाही, म्हणून बारा. हा आकडा मुलांनी कोनमापक घेऊन स्वतः काढला. उजेड-अंधाराचे प्रमाण फोनने परस्पर बदलू नये म्हणून ते पहिल्याच फोटोला पक्के करून ठेवायचे, हे मात्र एक अख्खा शनिवार वाया गेल्यावर समजले. जिन्यातला अंधार आणि वरचे ऊन यांत फोन प्रत्येक वेळी वेगळा हिशेब करत होता आणि जोडलेली भिंत गोधडीसारखी ठिगळाठिगळांची दिसत होती.

साध्या फोटोला चौकट असते आणि नको ते चौकटीबाहेर ठेवता येते. चहूबाजूंच्या चित्राला चौकटच नसते. कॅमेऱ्यामागे उभे राहायला जागा नाही, कारण कॅमेऱ्याला मागची बाजू नाही. एक जण फोन फिरवत असताना बाकी सगळी मुले आणि मीसुद्धा खांबाआड, पायऱ्यांआड लपून बसायचो. कोपऱ्यात पडलेल्या प्लास्टिकच्या बाटल्याही दिसणारच, म्हणून फोटोआधी मुलांनी जागा झाडून घेतली. त्यावरही एकाने शंका काढली: आपण झाडले हे लपवले तर पाहणाऱ्याला वाटेल की इथे नेहमीच स्वच्छ असते. अखेर शेवटच्या दृश्यात एका वाक्याने तेही सांगून टाकायचे ठरले. चौकट नसल्यामुळे निवडीचा सगळा भार ‘कुठे उभे राहायचे’ यावर येतो, आणि त्यात उंचीही आली. मी काढलेल्या एका दृश्यात कठडा फारच बुटका दिसतो, असे सहावीतल्या मुलांनी लगेच सांगितले. तो त्यांना माझ्या उंचीवरून दिसत होता. तेव्हापासून फोन त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर धरायचा नियम झाला.

फोटो जोडण्याचे काम ह्युगिन या मुक्त सॉफ्टवेअरवर झाले आणि ते कुणाकडे गेले हे मला आवर्जून सांगावेसे वाटते. गट पाडले तेव्हा ज्यांच्याकडे वडिलांचा किंवा भावाचा फोन होता ते बहुतेक मुलगे होते. घरचा फोन शनिवारी शाळेत न्यायचा म्हटल्यावर मुलींना नकार मिळाला होता. एक मुलगी दोन शनिवार नुसती दोरी धरून उभी होती. माझ्या ते उशिरा लक्षात आले, याचे मला वाईट वाटते. तिसऱ्या आठवड्यापासून मी फोनची मालकी आणि काम यांची फारकत केली: फोटो माझ्या फोनवर, फिरवणारे पाळीपाळीने, आणि जोडणीचे काम शाळेच्या संगणकावर. ती मुलगी संगणकासमोर बसली आणि पंधरा दिवसांत दोन फोटोंतले सामाईक बिंदू इतक्या नेमकेपणाने खुणावू लागली की मी तिच्याकडून शिकले. पाण्यावर बिंदू लावायचे नाहीत, कारण पाणी हलते. कबुतरांवर लावायचे नाहीत. दगडाच्या कोपऱ्यांवर लावायचे, हे तिने स्वतः शोधून इतरांना सांगितले. पर्यटकांतला एक गृहस्थ एका दृश्यात कमरेपासून खालीच उरला होता, कारण वरचा फोटो काढेपर्यंत तो निघून गेला होता. तो तिने अर्धा तास खपून काढून टाकला.

जोडलेले चित्र रुंदीला उंचीच्या बरोबर दुप्पट येते, कारण आडवे ३६० अंश आणि उभे १८० अंश त्यात सपाट पसरलेले असतात. पृथ्वीचा गोल कागदावर पसरवताना ध्रुवांकडचा भाग ताणला जातो तसाच इथे माथ्याचा आणि पायाखालचा भाग ताणला जातो. नकाशा-प्रक्षेपणाचा हा मुद्दा मी वर्षानुवर्षे ग्रीनलंडचे उदाहरण देऊन शिकवत आले आहे. या वेळी मुलांनी विहिरीचा तळ चित्राच्या खालच्या कडेला लांबच लांब पट्टीसारखा पसरलेला पाहिला आणि पेटीतून पाहताना तोच तळ पुन्हा जागच्या जागी आलेला पाहिला. यंदा ग्रीनलंडचा उल्लेख मला करावाच लागला नाही.

पेट्या आम्ही पंख्याच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून बनवल्या. गुगलने २०१४ मध्ये पुठ्ठ्याच्या अशा पेटीची कल्पना मांडली आणि तिचा आराखडा सर्वांना खुला आहे. दोन बहिर्गोल भिंगे लागतात, बाकी घडीकाम. भिंगाचे नाभीय अंतर मुलांनी खिडकीची प्रतिमा भिंतीवर पाडून पट्टीने मोजले आणि फोन भिंगापासून किती दूर ठेवायचा ते त्यावरून ठरवले. भिंगांचा धडा खरा दहावीत आहे, पण गरज पडल्यावर तो आठवीला अवघड गेला नाही. दोन भिंगांमधले अंतरही प्रत्येकाला वेगळे लागते. मोठ्या माणसाच्या दोन बुबुळांत सरासरी ६३ मिलिमीटर अंतर असते आणि मुलांत त्याहून कमी, म्हणून भिंगे सरकवता येतील अशी खाच ठेवली.

पहिले पूर्ण दृश्य पेटीतून पाहिल्यावर वर्गात टाळ्या पडल्या. पण गवंड्याचा तो मुलगा पेटी खाली ठेवून म्हणाला, “मॅडम, हिच्यात हीर खोल वाटंना.” तो बरोबर होता. आपल्या दोन डोळ्यांना एकाच वस्तूची किंचित वेगळी दोन चित्रे दिसतात आणि त्या फरकातून मेंदूला खोली कळते. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये आपल्या स्टिरिओस्कोपने हे दाखवून दिले होते. आमच्या पेटीत दोन्ही डोळ्यांना एकच चित्र जात होते. चहूबाजूंनी दिसत होते सारे, पण एखाद्या मोठ्या रांजणाच्या आतल्या बाजूला रंगवल्यासारखे. एवढ्या खोल विहिरीचे दर्शन घडवायचे आणि तिची खोलीच जाणवू नये, हे कुणालाच पटेना.

दोन फोन शेजारी ठेवून खरी दुहेरी चित्रे काढण्याचा प्रयत्न केला, तो साधला नाही. मग मुलांनी दुसरे मार्ग काढले आणि ते मला त्या प्रकल्पातले सर्वांत चांगले काम वाटते. वरच्या दृश्यात पाहताना खालच्या पायरीवर एक मुलगी लाल ओढणी घेऊन उभी केली. ती बोटाएवढी दिसते. पाहणाऱ्याने त्या लाल ठिपक्यावर नजर रोखली की तो तिच्या जागी जाऊन उभा राहतो, आणि मान वर केली की मघाशी आपण होतो त्या कठड्यावर आता आणखी एक मुलगा तेवढाच लहान दिसतो. आवाजही बदलला: वरच्या दृश्यात पाखरे आणि लांबचा महामार्ग, खाली उतरल्यावर कबुतरांच्या पंखांचा घुमणारा फडफडाट. एकाही चित्रात खोली नव्हती. ती एका दृश्यातून दुसऱ्यात जाताना कळू लागली.

एका गटाला पायऱ्यांवरून सरकत खाली नेणारी हालचाल हवी होती. त्यांनी ती करूनही दाखवली, आणि पाहणाऱ्या पहिल्या तिघांपैकी दोघांना मळमळले. डोळे सांगतात की आपण चाललो आहोत आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण बाकावर बसलेलो आहोत. हा विरोध शरीराला सोसत नाही. मग सरकणे काढून टाकले. आता क्षणभर अंधार होतो आणि पुढची जागा उजळते.

पाचव्या दृश्यात मोट चालताना दाखवायची होती, आणि आज तिथे मोट चालत नाही. इथे वर्गाने स्वतःसाठी एक नियम केला: जे आज आहे ते फोटोत दिसेल, जे आपण कल्पनेने मांडतो ते हाताने काढलेल्या चित्रात दिसेल, म्हणजे पाहणाऱ्याची फसगत होणार नाही. त्याप्रमाणे एका मुलीने जलरंगात बैलजोडी, मोटकरी आणि चामड्याची मोट काढली, ती कापून, फोटो घेऊन दृश्यात बसवली. सुंदर झाली होती. वर्गातल्या एकाचे आजोबा तरुणपणी मोट हाकायचे, म्हणून त्यांना दाखवायला नेली. आजोबांची ऐंशी उलटलेली. पेटी डोळ्यांना लावून ते बराच वेळ गप्प बसले, मान हळूहळू इकडून तिकडे फिरवली आणि मग म्हणाले, “अगं पोरी, ही बैलं उलटी जुपलीस. हिरीकडं तोंड करून बैल मोट वढंल कशी? मोट भरली की बैलं धावंवनं उताराला जात्यात, हिरीकडं पाठ करून. मोट रिकामी झाली की मागं मागं सरत वर येत्यात. बैलाला मागं सरायला शिकवायचं, ह्येच खरं काम.”

त्या एका दुरुस्तीने विहिरीचे सगळे बांधकामच मुलांना वेगळे दिसू लागले. काठावरून बाहेरच्या बाजूला उतरत जाणारी धाव का लागते, तिची लांबी मोटेच्या दोराएवढी म्हणजे पाण्याच्या खोलीशी बांधलेली का असते, आणि बैल उताराला जात असल्यामुळे त्यांचे स्वतःचे वजनही पाणी ओढायला कसे मदत करते, हे त्यांनी तिथल्या तिथे आजोबांकडून काढून घेतले. मोटेच्या सोंडेला, म्हणजे पाणी बाहेर पडायच्या नळीसारख्या तोंडाला, वेगळी बारीक दोरी असते आणि मोट वर आली की सोंड थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या कुंडात, मोकळी होऊन पाणी आपोआप ओतले जाते, हेही. चोवीस बैल कुठे उभे राहतील या पहिल्या दिवसाच्या प्रश्नाचे उत्तर त्या धावेत होते. मुलीने चित्र पुन्हा काढले. निवेदनही बदलले आणि त्यात आजोबांचाच आवाज घेतला, त्यांच्या बोलीत, एक शब्द न बदलता. शुद्ध भाषेत पुन्हा रेकॉर्ड करू का, असे एका सहकाऱ्याने सुचवले होते. मुलांनी ऐकले नाही आणि मला त्याचा आनंद झाला.

बाकीच्या निवेदनांचे पहिले मसुदे वाचवत नव्हते. इंटरनेटवरून उचललेली, ‘ऐतिहासिक वारसा लाभलेली ही भव्य वास्तू’ अशा थाटाची लांबलचक वाक्ये. ती सहावीच्या मुलांना ऐकवली, तेव्हा अर्ध्यावरच त्यांची नजर दुसरीकडे वळत होती. मग एका खुणेला वीस सेकंद आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आहे तेवढेच बोलायचे, असे ठरले. वीस सेकंदांत सांगायचे तर काय माहीत आहे आणि काय नाही याचा निवाडा करावाच लागतो.

हे सगळे एकत्र बांधण्यासाठी आम्ही ए-फ्रेम हे आभासी दृश्ये उभारायचे साधन वापरले. मोझिलाच्या गटाने २०१५ मध्ये ते खुले केले. एचटीएमएल या वेबपाने लिहायच्या भाषेच्या मोजक्या ओळींत दृश्य उभे राहते आणि साध्या ब्राउझरमध्ये चालते. कोस्पेसेससारखी, ठोकळे जोडून दृश्य उभारता येईल अशी साधने याहून सोपी आहेत आणि ज्यांच्याकडे चांगले इंटरनेट आहे त्यांनी तिथून सुरुवात करायला हरकत नाही. पण मुलांचे काम आपल्याकडे फाईलच्या रूपात राहावे, असा माझा आग्रह होता. गुगलची एक्सपिडिशन्स आणि टूर क्रिएटर ही आभासी सहलींची दोन्ही साधने शाळांसाठी फार सोयीची होती आणि ती ३० जून २०२१ रोजी बंद झाली. आमची सात चित्रे, आवाज आणि ते एक पान शाळेच्या संगणकावर आहे, पेनड्राइव्हवर आहे आणि माझ्या खात्यावरून गिटहब या फाईली ठेवायच्या संकेतस्थळावर आहे. चित्रे ४०९६ गुणिले २०४८ पिक्सेलपर्यंत लहान करून घेतली, कारण त्याहून मोठी चित्रे स्वस्त फोनवर उघडताना अडखळत होती. ज्या फोनमध्ये जायरोस्कोप (फोन कसा वळला ते ओळखणारा भाग) नसतो त्यावर मान वळवून दृश्य फिरत नाही. तिथे बोटाने सरकवून पाहावे लागते. बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड असतात तसा एक कोड छापून मुलांनी खालच्या वर्गांच्या भूगोलाच्या वह्यांत चिकटवला आहे.

कुणी शिक्षक हे करणार असतील तर त्यांना दोन गोष्टी सांगेन. पेटी डोळ्यांना लावताना मूल बसलेलेच असू द्या आणि एका वेळी काही मिनिटांपेक्षा जास्त पाहू देऊ नका. बाजारातल्या हेडसेटला वयाची मर्यादा असते. मेटा कंपनीने आपल्या क्वेस्ट हेडसेटसाठी ती २०२३ मध्ये १३ वरून १० वर आणली, तीही पालकांच्या देखरेखीखालच्या खात्याच्या अटीवर. आम्ही पाचवीच्या मुलांना पेटी देतच नाही, त्यांना फळ्याशेजारच्या पडद्यावर दाखवतो. दुसरी गोष्ट वेळेची. तीन महिन्यांच्या शनिवारांत माझे दोन धडे मागे पडले आणि ते मला जादा तासांत घ्यावे लागले. मुख्याध्यापकांनी त्याबद्दल विचारले, तेव्हा मी त्यांच्या हातात मुलांच्या पहिल्या शनिवारच्या आणि शेवटच्या शनिवारच्या वह्या दिल्या. पहिल्या वहीत विहिरीचा नकाशा म्हणजे एक वर्तुळ होते. शेवटच्या वहीत अष्टकोन होता, जिना होता, महालाचा छेद होता, धावेचा उतार बाणाने दाखवलेला होता आणि बैलांची तोंडे विहिरीपासून दूर होती.

गेल्या आठवड्यात यंदाच्या सहावीने ते दर्शन पाहिले. आता नववीत गेलेली आमची मुले प्रश्नांची उत्तरे द्यायला मुद्दाम मधल्या सुट्टीत येऊन बसली होती. पाचवे दृश्य पाहून एका लहान मुलीने पेटी खाली घेतली आणि विचारले, “थारोळ्यातलं पाणी पुढं कुठनं गेलं?” आमराईला, असे उत्तर लगेच आले. “पण कुठल्या बाजूनं?” आमची सातही दृश्ये विहिरीच्या काठाशीच संपतात, पाट कुठून निघत होता हे आम्ही पाहिलेच नव्हते. मुले एकमेकांकडे पाहू लागली. मग गवंड्याचा मुलगा म्हणाला की पाणी उताराशिवाय जाणार नाही, आणि बाबांकडे पातळी बघायची पारदर्शक नळी आहे, ती पाण्याने भरून दोन टोके धरली की कुठला बांध किती खाली आहे ते सांगता येते. आजूबाजूच्या रानांत सध्या ऊस उभा आहे, त्यामुळे आधी त्या शेतकऱ्यांना विचारावे लागेल. येत्या शनिवारी ती नळी आणि ओळंबा घेऊन आम्ही पुन्हा लिंबला जाणार आहोत.